आला तेव्हा पायी होता

माझं अक्षर चांगलं आहे. आयुष्यात मी जेवढे घोटाळे केले, त्यातले निम्मे या एका गुणापायी.

भिलाईच्या कारखान्यात मी बाबू होतो. लोकं तिकडे भट्टीवर लोखंड गाळत, मी इकडे टेबलावर अर्ज गाळत असे. रजेचा अर्ज, क्वार्टरचं छत गळतं म्हणून अर्ज, पाळी बदलून मिळावी म्हणून अर्ज. आणि रजा नको झाली, छत आपोआप गळायचं थांबलं, तर आधीचा अर्ज मागे घेण्याचाही अर्ज. विषय, महोदय, सविनय निवेदन, खाली सही, डाव्या कोपऱ्यात प्रतिलिपि. माझ्या त्या जगात एका कागदाने जे केलं ते दुसऱ्या कागदाने पुसता येत होतं. सगळं जगच तसं चालतं, असा माझा पक्का समज होता.

त्यात भर म्हणजे दुर्गला संध्याकाळच्या वर्गात मी वर्षभर कायदा शिकलो होतो. परीक्षेच्या आठवड्यात मला ताप आला आणि निकालाच्या आठवड्यात उतरला. पण तेवढ्या भांडवलावर ऑफिसात मला वकीलसाहेब म्हणू लागले. ते थट्टेने म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी चहाच्या टेबलावर बसून गुन्हेगार डोळ्यांवरून कसा ओळखावा, पोलीस कुठे चुकतात, यावर भरपूर बोलून घेतलं होतं.

तेव्हा ठेक्यावर काम करणारा एक माणूस माझ्याकडे येत असे. गोंदियाकडचा. घरी थोडी धानाची शेती, ती भावांमध्ये वाटली गेली तशी हा इकडे आला. आठ-नऊ वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, उपसत होता, राहायचा भिलाई-३ ला रेल्वेलाइनजवळ. आमच्या भागातलं बोलणं ऐकू आलं म्हणून एकदा ओळख झाली, आणि मग त्याचे सगळे कागद मीच लिहू लागलो. त्या संध्याकाळी तो आला तो पायरीवरूनच हसत.

"बाबूसाहेब, मायं नाव आलं जी यादीत. पक्का करून राहिले. फक्त या कागदावर पुलिसचा ठप्पा पायजे."

चरित्र सत्यापनाचा, म्हणजे पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा, फॉर्म होता तो. नाव, बापाचं नाव, गाव, ठाणं, आणि मधोमध एक रकाना: आपणास कधी अटक झाली आहे काय? मी मान वर करून मोठ्या वकिलाच्या आवाजात विचारलं, "काय रे बाप्पा, खून-दरोडा काही केलास का कधी?"

"एक डाव कोंबडी चोरली होती," तो म्हणाला. "पन ती मायीच निघाली."

मी हसत हसत माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं: जी नहीं. त्याने कागदावर फुंकर मारली, घडी घातली, छातीच्या खिशात ठेवली आणि गेला. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर अंधारून आलं होतं, कारखान्याकडे स्लॅग ओतला असावा, आभाळ तांबडं झालं होतं. त्या उजेडात तो एका काळ्या सायकलवर टांग टाकून वळणावरून दिसेनासा झाला.

सकाळी मी व्हरांड्यात आलो आणि माझी सायकल जागेवर नव्हती.

आता इथे मला माझ्या मेंदूची बाजू मांडली पाहिजे. तो माणूस नेहमी पायी यायचा. काल जाताना सायकलवर होता. सायकल काळी होती. माझीही काळी होती. माझी गेली होती. दुर्गच्या वर्गात याला काय म्हणतात ते मला आठवलं नाही, पण जे काही म्हणतात ते हेच, याची खात्री पटली.

बायकोला सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, "कोणीतरी सायकल घेऊन गेला वाटतं. काल तो गेला ना सायकलवर."

ती म्हणाली, "त्याची असन. तो कावून नेईल तुमची सायकल?"

ऑफिसात चहाच्या वेळेला तीच गोष्ट जरा भरली. आता तो घाईत होता, मागे वळून पाहत होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने खिडकीकडे तोंड लपवलं होतं. गोष्ट सांगण्याची मला सवय आहे. ऐकणारे पुढे सरकून बसले की माझ्या गोष्टीत आपोआप एक खांब जास्त उभा राहतो. दुपारी कोणीतरी विचारलं, "पण वकीलसाहेब, तो सायकलवरच आला नसेल कशावरून?" आणि मी, सगळ्यांचे डोळे माझ्यावर असताना, म्हणालो, "आला तेव्हा पायी होता. मी स्वतः पाहिलं."

मी पाहिलं नव्हतं. तो आला तेव्हा मी आत पायाला तेल चोळत बसलो होतो. पण वाक्य असं चपखल बसलं की मला ते लगेच आठवूही लागलं. पायरी, त्याच्या धुळकट चपला, रिकामं फाटक. आजही डोळे मिटले की ते रिकामं फाटक मला दिसतं. कधी नव्हतंच ते.

संध्याकाळी ठाण्यात गेलो. तिथले मुंशी म्हणजे लिहिणं-नोंदणं बघणारे हवालदार. बारीक अंगाचे, तंबाखू मळत अतिशय अदबीने बोलणारे. मी घरून लिहून नेलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. विषय, महोदय, सविनय निवेदन. तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य होतं, ठळक, ओळीच्या बरोबर मध्ये. त्यांनी पूर्ण वाचला आणि माझ्याकडे आदराने पाहिलं.

"वाह साहब. ऐसी रिपोर्ट तो हमारे यहाँ कोई लिखता ही नहीं। नाम, पता, हुलिया, सब।"

मी लाजलो. खरंच लाजलो.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, सायकल सापडली. ठाण्याच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. मुंशी म्हणाले, पहचानिए. कारखान्यातले आम्ही सगळे एकाच दुकानातून सायकली घेत असू, तीच काळी फ्रेम, तेच कॅरियर. ही माझ्यापेक्षा थोडी झिजलेली वाटली. आणि हिला घंटी नव्हती.

"माझ्या सायकलला घंटी होती," मी म्हणालो. मुंशींची पेन्सिल थांबली. मला वाटलं, आता एवढ्यासाठी खोळंबा नको. म्हणून मीच खुलासा केला, "चोराने काढून टाकली असेल."

त्यांनी ते लिहून घेतलं. त्या माणसापाशी पावती नव्हती. म्हणत होता, भिलाई-३ च्या एकाकडून जुनी घेतली, आठवडाच झाला. मुंशी हसून म्हणाले, सगळे असंच म्हणतात. मीही हसलो, कारण चहाच्या टेबलावर मीसुद्धा असंच सांगत असे. आत कोठडीकडे मी पाहिलं नाही. तिकडून कोणी खोकलं तेवढं ऐकू आलं. मग मी सुपुर्दनाम्यावर सही केली: सायकल जपून ठेवीन, विकणार नाही, रंगवणार नाही, न्यायालय म्हणेल तेव्हा हजर करीन.

चौथ्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर, मी त्या सायकलवर बसून सिविक सेंटरला गेलो. नवी घंटी घ्यायला. बँकेमागच्या स्टँडवर सायकल लावताना स्टँडवाला म्हणाला, "साहब, एक तो आपकी पहले से खड़ी है।"

मी वळून पाहिलं. तिसऱ्या ओळीत, चार दिवसांच्या धुळीत, माझी सायकल उभी होती. मी पुढे होऊन घंटी वाजवली. वाजली.

मग सगळं एकदम आठवलं. ऑफिसातल्या एकाला कित्येक वर्षांच्या नंबरानंतर स्कूटर मिळाली होती. फॉर्म भरला त्याच दिवशी दुपारी बँकेतून बाहेर पडलो तर तो समोर नवी कोरी स्कूटर घेऊन उभा. बस म्हणाला. मी नवरदेवासारखा मागे बसलो, आख्ख्या सेक्टरला दिसेल असा घरी आलो, पेढा खाल्ला आणि सायकल नावाची वस्तू जगात आहे हेच विसरलो. स्टँडचा बिल्ला दुसऱ्या शर्टाच्या खिशात होता.

दोन्ही सायकली मी शेजारी शेजारी उभ्या केल्या. एवढ्या सारख्याही नव्हत्या त्या.

मी तिथूनच ठाण्यात गेलो. चिंता होती, पण फार नव्हती. अर्ज चुकीचा होता, तो मागे घेण्याचा अर्ज मी मनात तयारही केला होता. मुंशींनी सगळं शांतपणे ऐकलं, तंबाखूची चिमूट ओठात ठेवली.

"वकील साहब, चोरी की रिपोर्ट वापस नहीं होती। अब ये आपका केस नहीं है। सरकार का है। आप तो गवाह हैं।"

"पण चोरी झालीच नाही."

"आपने लिखा, हुई। आपने साइकिल पहचानी। आपने कहा, आया तब पैदल था।" त्यांनी माझाच कागद माझ्यापुढे ठेवला. किती सुंदर दिसत होता तो. मग कलमांचं जाडं पुस्तक उघडून त्यावर बोट ठेवलं. "अब आप कहेंगे झूठ था, तो झूठी रिपोर्ट का अलग मुकदमा बनता है। आप पर। आप पक्की नौकरी में हैं ना?"

आवाजात धमकी नव्हती. तेच वाईट होतं. पोस्टाचा बाबू तिकिटं कमी लागलीत म्हणून सांगतो, तसं ते सांगत होते. मग जरा जवळ सरकून म्हणाले, कशाला त्रास करून घेता. कोर्टात म्हणा, अंधार होता, नीट आठवत नाही. सुटेल तो. सगळे सुटतात.

तो तोवर दुर्गच्या जेलमध्ये पोचला होता. जामीन मिळत होता, पण हमी घेणारा पक्क्या नोकरीतला माणूस त्याच्या ओळखीचा एकच होता. मी रजा टाकून दुर्गला गेलो. कचेरीतल्या कारकुनाने माझं नाव विचारलं, फाइल उघडली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला हाक मारून म्हणाला, "ये देखो, फरियादी जमानत देने आया है।" ते दोघं हसले. मीही हसलो. मग हमी न देताच परत आलो. तीन आठवड्यांनी त्याच्या गावाकडचा कोणी सातबारा घेऊन आला तेव्हा तो बाहेर आला.

बायकोने त्या दिवसांत मला एकदाच सांगितलं, "जा अन् सांगून या खरं. काय करतीन ते करतीन."

मी तिला समजावलं की न्यायालयात खरं आपोआप बाहेर येतं. तिथे न्यायाधीश विचारतात, आपण सांगतो. दुर्गच्या वर्गात शिकलो होतो. व्हरांडा झाडताना ती दुसऱ्या सायकलभोवतीची जागा सोडून झाडत असे.

ती सायकल तीन वर्षं माझ्या व्हरांड्यात उभी होती. विकायची नाही, रंगवायची नाही. शेजारी म्हणत, "क्या बात है बाबूजी, दो-दो!" मी हसून वेळ मारून नेई. टायर बसले, सीटचं कातडं उलून आलं. पावसाळ्यात मी तिच्यावर पोतं टाकत असे, आणि पोत्याखाली ती वाकून बसलेल्या माणसासारखी दिसे. संध्याकाळी आभाळ तांबडं झालं की मी त्या बाजूचं दार लावून घेई. फाटक वाजलं की आधी खाकी रंग शोधी. यादी तर पहिल्याच वर्षी संपली. ज्यांचे फॉर्म ठप्पा लागून आले ते पक्के झाले, त्याच्या फॉर्मवर ठाण्याने लिहिलं होतं: प्रकरण न्यायालयात. मुंशींच्याच अक्षरात. त्यांचं अक्षर वाईट होतं, पण तेवढं वाचता येत होतं.

शेवटी साक्ष झाली. सांगायचं सगळं मी मनात घोकून गेलो होतो, स्कूटरपासून बिल्ल्यापर्यंत. पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी विचारलं, रिपोर्टवर सही तुमची? हो. ही सायकल तुम्ही ओळखली होती? हो, पण... पण नाही, हो की नाही? हो. मग त्याच्या वकिलाने विचारलं, तेव्हा अंधार पडला होता? हो. चेहरा स्पष्ट दिसत होता? नाही. जाऊ शकता.

सगळं मिळून चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. मी थांबून सांगू शकलो असतो. न्यायाधीश खाली लिहीत होते, त्यांनी मान वर केली असती. मी तोंड उघडलंही. पण समोर बाकावर मुंशी बसले होते, मांडीवर ते कलमांचं पुस्तक, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून अदबीने मान हलवली. मी उतरलो.

तो माणूस आरोपीच्या जागी उभा होता. तीन वर्षांनी मी त्याच्याकडे पाहिलं. चोर डोळ्यांवरून ओळखू येतो हे माझंच म्हणणं. त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा खाली पाहिलं ते मी.

संशयाचा फायदा देऊन तो सुटला. मला इतकं हलकं वाटलं की येताना मी पेढे घेतले. सायकलीचा हुकूमही त्यातच होता: आरोपीकडे मालकीचा पुरावा नाही, फरियादीने ओळखली आहे, सबब ती फरियादीकडेच कायम. म्हणजे त्याची सायकल आता कायद्याने माझी झाली.

बायकोने पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते राहू द्या. आधी ती देऊन या."

मी टायर बदलले, नवी घंटी लावली आणि ती हातात धरून चालत भिलाई-३ ला गेलो. बसायचं धाडस झालं नाही. तो झोपडीच्या दाराशी डबा घासत होता. मी सायकल भिंतीला टेकवली, बँकेमागचं स्टँड, स्कूटर, सगळं सांगितलं. त्याने डबा पालथा घातला.

"मले पयल्याच महिन्यात मालूम झालं होतं जी. स्टँडवाला आमच्याच लाइनीत राहते."

"मग कोर्टात कावून नाही सांगितलं?"

"वकिलाले सांगतलं. तो म्हने, चूप राय, तसाच सुटून राहिला न. वरून बाबूले डिवचशीन तं तो डबल ओळखन तुले." मग सायकलीकडे पाहून, "घंटी कावून लावली? हिले नव्हती."

तो आत गेला आणि एक कागद घेऊन आला. रसमड्याच्या एका कारखान्याचा फॉर्म होता. त्याने तो माझ्यापुढे खाटेवर ठेवला.

"लिवून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी भरू लागलो. नाव, बापाचं नाव, गाव, ठाणं. मधोमध तोच रकाना. मी पेन टेकवून म्हणालो, "जी नहीं लिहितो. सुटला ना तू. निर्दोष."

"तसंच लिवलं होतं मागच्या ठिकानी. दोन महिने ठेवलं, मंग ठाण्यातून कागद आला, काढून टाकलं. म्हने, अटक झाली होती न, मंग लपवलं कावून? सुटला का नाही ते या कागदात विचारतच नाहीत जी."

मी पुन्हा वाचलं. खरंच विचारत नव्हते. जी हाँ, मी लिहिलं. पुढे 'विवरण' म्हणून दोन ओळींची जागा होती. त्यात मावणार नव्हतं, म्हणून वेगळा कागद घेतला. या माणसाविरुद्ध रिपोर्ट मी लिहिली. माझी सायकल चोरीला गेलीच नव्हती, ती मी सिविक सेंटरच्या स्टँडवर विसरलो होतो. हे मला चौथ्या दिवशी कळलं. भीतीमुळे मी न्यायालयात सांगितलं नाही. खाली नाव, सही, कारखान्यातला माझा नंबर. विषय नाही, महोदय नाही. अक्षर वाईट आलं.

हा कागद मुंशींच्या हाती पडला तर त्यांचं पुस्तक उघडणार हे मला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत असावं. त्याने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. शेवटाला येऊन थांबला.

"आला तेव्हा पायी होता, ते कुठी आहे?"

मी कागद परत घेतला. सहीच्या वर जागा उरली नव्हती, म्हणून खाली लिहिलं: तो आला तेव्हा मी पाहिलं नव्हतं. त्याच्याखाली पुन्हा सही केली.

त्याने फुंकर मारली, घडी घातली, छातीच्या खिशात ठेवली.

रसमड्याला त्याला घेतलं, ठेक्यावर. पक्का तो कुठेच झाला नाही. तो कागद कुठल्या फाइलीत गेला, कोणी वाचला, मला कधी कळलं नाही. निवृत्त होईपर्यंत फाटक वाजलं की मी आधी खिडकीशी जात असे आणि येणारा पायी आहे की सायकलवर, ते नीट पाहून ठेवत असे.